लल्लन मियाँची उधारी

१९८१ हे हिंदी सिनेमातलं भारदस्त साल. मनोजकुमारांचा ‘क्रांती’, मनमोहन देसाईंचा ‘नसीब’, प्रकाश मेहरांचा ‘लावारिस’, यश चोप्रांचा ‘सिलसिला’ हे सगळे त्याच वर्षातले. एकेका पोस्टरवर नटनट्यांची गर्दी, मोठे सेट, मोठी गाणी. त्याच वर्षी एका मराठी बाईंनी दिल्लीतल्या तीन कॉलेजकुमारांची साधी, हलकीफुलकी गोष्ट पडद्यावर आणली. नायक म्हणून मोठं नाव नाही, नायिका नवी, तिघांपैकी एका मित्राचा तर हा पहिलाच चित्रपट. भाड्याची खोली, दोन-चार रस्ते, एक बाग आणि एक पानटपरी एवढ्या भांडवलावर उभा राहिलेला ‘चश्मे बद्दूर’ तिकीटबारीवर चालला. एवढंच नाही, तर त्या वर्षातले कितीतरी महागडे चित्रपट विसरले गेले आणि हा मात्र ३२ वर्षांनी पुन्हा थिएटरात लागला.

या यशावर बरंच लिहिलं गेलं आहे. निखळ विनोद, सुंदर गाणी, फारुख शेख आणि दीप्ती नवल ही जोडी. ते सगळं खरंच आहे. मला मात्र दुसऱ्या एका गोष्टीबद्दल लिहायचं आहे. चित्रपट कमी पैशात केला की त्यात कोणती माणसं दिसू शकतात आणि चित्रपट महाग झाला की कोणती माणसं दिसेनाशी होतात? या प्रश्नाचं उत्तर शोधायला ‘चश्मे बद्दूर’इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. कारण या चित्रपटात एक लल्लन मियाँ आहेत.

आधी नावाबद्दल

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे हे नाव मला फार आवडतं. मूळ शब्द फारसी, ‘चश्म-ए-बद दूर’. चश्म म्हणजे डोळा, बद म्हणजे वाईट, आणि दूर म्हणजे दूरच. वाईट नजर लांब राहो. आपल्या घरांतून बाळाला पाहून, नव्या नवरीला पाहून हे शब्द अजूनही निघतात. मराठीत आपण ‘दृष्ट न लागो’ म्हणतो, तेच.

गंमत अशी की यातला एकही शब्द मराठी माणसाला परका नाही. नाकावर बसतो तो चष्मा याच ‘चश्म’चा नातेवाईक. बदनाम, बदमाश, बदसूर यांतला ‘बद’ तोच. आणि ‘दूर’ तर संस्कृतातही आहे, फारसीतही आहे. दोन्ही भाषा एकाच जुन्या घरातल्या असल्याची ती खूण. म्हणजे ज्याला हे नाव ‘फार उर्दू’ वाटतं, तो या नावातले तीनही शब्द रोज वापरत असतो. १९८१ साली हे नाव तिकीट विकायला अडचणीचं ठरेल, असं ना निर्मात्याला वाटलं ना दिग्दर्शिकेला. आणि ते ठरलंही नाही.

गोष्ट तरी काय?

सिद्धार्थ, ओमी आणि जोमो हे तिघे दिल्लीत एकत्र राहतात. सिद्धार्थ, म्हणजे फारुख शेख, अर्थशास्त्राचा अभ्यासू विद्यार्थी. ओमी, म्हणजे राकेश बेदी, शेरोशायरी झाडणारा. जोमो, म्हणजे रवी बासवानी, सिनेमाच्या धुंदीतला. शेवटच्या दोघांचा मुख्य उद्योग मुलींच्या मागे फिरणं, आणि त्यात दोघेही सपशेल नापास. गल्लीत नेहा नावाची मुलगी राहायला येते. दोघेही तिच्याशी ओळख काढायला जातात, दोघांचाही फजितवाडा होतो आणि परत आल्यावर दोघेही मित्रांना आपल्या विजयाच्या थापा मारतात. पुढे हीच नेहा धुण्याची पावडर विकायला त्यांच्या दारात येते. घरी असतो एकटा सिद्धार्थ. ‘चमको’ पावडरचं ते प्रात्यक्षिक आज हिंदी सिनेमातल्या सर्वांत लाडक्या प्रसंगांपैकी एक मानलं जातं. दोघांचं जमतं, मित्रांना पोटदुखी होते, ते कागाळ्या करून मोडता घालतात, मग पस्तावतात आणि नेहाच्या आजीला हाताशी धरून दोघांना पुन्हा एकत्र आणायचा घाट घालतात. लीला मिश्रांनी केलेली ही आजी विसरता येत नाही.

म्हटलं तर एवढंच. पण हे एवढंसं कथानक सई परांजपे यांच्या हातात होतं.

सईबाईंबद्दल मराठी वाचकाला फार सांगायला नको. शकुंतला परांजपे यांची मुलगी, रँग्लर परांजपे यांची नात. पुण्यात आकाशवाणी, मग दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिक्षण, मग दूरदर्शन. ‘चश्मे बद्दूर’चं बीजही दूरदर्शनसाठी केलेल्या ‘धुआँ धुआँ’ या छोट्या चित्रपटात होतं. त्याआधीच्या ‘स्पर्श’ने त्यांना पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला होता. दृष्टिहीन मुलांच्या शाळेतला तो गंभीर चित्रपट आणि त्याच्यामागोमाग हा कॉलेजच्या पोरांचा धिंगाणा. दोन्ही दिल्लीतले, दोन्ही खऱ्या जागांवर घडणारे. दिल्ली त्यांना नोकरीमुळे आतून माहीत होती आणि ते पडद्यावर दिसतं. एशियाड १९८२ साली झालं. त्याआधीची, कमी गर्दीची, झाडांनी भरलेली ती दिल्ली या चित्रपटात कायमची जपली गेली आहे. तालकटोरा बागेत सिद्धार्थ आणि नेहा भेटतात, टूटी-फ्रूटी मागवतात, आणि तिथला वेटर आपल्या उत्तरांनी धमाल उडवतो. बाग खरी, टेबल-खुर्च्या साध्या. त्या प्रसंगात जो काही जीव आहे तो लिहिण्यातून आलेला आहे.

हिशेब

आता पैशांकडे येऊ. त्या काळी चित्रपटाचा व्यापार कसा चाले हे समजल्याशिवाय छोट्या चित्रपटाचं यश समजत नाही.

निर्माता आपला चित्रपट प्रदेशवार विकत असे. या प्रदेशांना ‘टेरिटरी’ म्हणतात आणि त्यांची नावं वाचली की इतिहासाचं पुस्तक उघडल्यासारखं वाटतं. दिल्ली-यूपी, पूर्व पंजाब, बंगाल, म्हैसूर, सीपी-बेरार, निज़ाम. राज्यं भाषेप्रमाणे नव्याने आखली गेली, पण चित्रपटाच्या व्यापाऱ्याने जुना नकाशा सोडला नाही. आपला महाराष्ट्रसुद्धा या नकाशात एक नाही. मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्र मुंबई टेरिटरीत, विदर्भ सीपी-बेरारमध्ये, आणि मराठवाडा निज़ाममध्ये. निज़ामाची राजवट १९४८ साली संपली, पण औरंगाबाद-नांदेडला चित्रपट मात्र निज़ामच्या नावाने येत राहिला.

प्रत्येक टेरिटरीचा वितरक आपल्या अंदाजाने रक्कम मोजायचा. मोठा नट असला की रक्कम आधीच हातात. म्हणून निर्माता आधी नट घ्यायचा आणि मग गोष्ट शोधायचा. चित्रपटाच्या खर्चाचा फार मोठा वाटा दोन-तीन नावांवर जायचा. तेवढा खर्च भरून काढायचा तर चित्रपट सगळ्या टेरिटरींत, सगळ्या थरांत चालायलाच हवा. त्यासाठी मारामारी हवी, आई हवी, हरवलेला भाऊ हवा, कव्वाली हवी, खलनायकाचा अड्डा हवा. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी थोडं थोडं.

छोट्या चित्रपटाचा हिशेब उलटा. नटांवर खर्च नाही, सेटवर खर्च नाही, शूटिंग थोड्या दिवसांत उरकलेलं. मग सगळ्या देशाने बघितलंच पाहिजे असं बंधन राहत नाही. मोठ्या शहरांतली काही थिएटरं मिळाली आणि तिथे आठवड्यांमागून आठवडे खेळ चालले, तरी पैसे सुटतात. पण ते आठवडे जाहिरातीने मिळत नाहीत, तोंडी शिफारशीने मिळतात. पहिल्या आठवड्यात पाहून आलेल्याने ऑफिसात, कॉलेजात, बसमध्ये सांगायचं, मग दुसऱ्याने जायचं. एका खेळाची तिकिटं तडाखेबंद खपणं आणि एक चित्रपट हळूहळू लोकांच्या घरात शिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘चश्मे बद्दूर’ला दुसऱ्या प्रकारचं यश मिळालं.

त्याला रस्ता तयारही होता. बासू चटर्जींचा ‘रजनीगंधा’ १९७४ साली आला आणि बसच्या रांगेत उभा राहणारा नायक लोकांना चालतो हे सिद्ध झालं. अमोल पालेकरांचे ‘छोटी सी बात’, ‘गोलमाल’ हे त्याच रस्त्यावरचे टप्पे. सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जावर निघालेले चित्रपट वेगळे. त्यांचं कौतुक व्हायचं, पण अनेकांना थिएटर मिळत नसे. ‘चश्मे बद्दूर’चे निर्माते गुल आनंद मात्र खाजगी निर्माते होते. बासू चटर्जींचा ‘खट्टा मीठा’ही त्यांचाच. म्हणजे इथे कलेसाठी अनुदान नव्हतं. घातलेले पैसे तिकीटबारीवरूनच परत यायचे होते. म्हणून या यशाला मी व्यापारी यश म्हणतो आणि त्या शब्दात मला काही कमीपणा वाटत नाही. लोकांनी खिशातले पैसे देऊन पसंती दिली होती.

टपरीवरचा माणूस

आता लल्लन मियाँ. सईद जाफरींनी ही भूमिका केली आहे. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’त लखनौच्या पतनाकडे पाठ फिरवून बुद्धिबळ खेळत बसणारे मीर तेच. लंडनच्या रंगभूमीवर आणि परदेशी चित्रपटांत नाव कमावलेला हा नट इथे गल्लीच्या कोपऱ्यावर पान-सिगारेट विकतो. पोरांच्या नावावर उधारी चढत जाते, मियाँ वसुलीची भाषा करतात आणि पोरं प्रत्येक वेळी काहीतरी सांगून सटकतात. शिवाय आणखी एक सिगारेट घेऊन जातात.

विनोदी भूमिका आहे, लांबीने मोठी नाही. पण त्या काळातल्या हिंदी चित्रपटात मुसलमान माणूस कुठे कुठे दिसत होता ते आठवून पाहा. एक तर नवाबाच्या कोठीवर किंवा कोठ्यावर. ‘चौदहवीं का चाँद’, ‘मेरे महबूब’, ‘पाकीज़ा’ ही परंपरा. तिथे झुंबरं, शेरवान्या, अत्तर आणि उसासे. दुसरं म्हणजे नायकासाठी जीव द्यायला तयार असलेला मित्र. ‘ज़ंजीर’मधला प्राण यांचा शेरखान आठवा. तिसरं म्हणजे नेक, पापभीरू म्हातारा. ‘शोले’तले इमामसाहेब. पोटचा मुलगा मारला गेल्यावरही गावाला धीर देणारे. या तिन्ही भूमिका उत्तम नटांनी उत्तम केल्या आणि मला त्या आवडतात. पण तिन्हींमध्ये एक साम्य आहे. या मुसलमानांना सतत काहीतरी सिद्ध करायचं असतं. नजाकत, निष्ठा किंवा त्याग.

लल्लन मियाँना काहीही सिद्ध करायचं नाही. त्यांना त्यांचे पैसे हवे आहेत.

हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. पडद्यावरच्या मुसलमानाला उधारी वसूल करायची आहे, एवढी साधी अडचण देणं ही मोठी गोष्ट आहे. तो देशभक्तीचं भाषण करत नाही. कुणाच्या लग्नात कव्वाली म्हणत नाही. त्याचा धर्म चित्रपटात ना समस्या आहे ना संदेश. तो त्या गल्लीत आहे, कारण कोणत्याही शहरातल्या गल्लीत असा एक माणूस असतोच. सिद्धार्थ पराशर आणि त्याचे मित्र त्याच्याकडून उधार घेतात, तो देतो. या देण्यात एक नातं आहे. उधार ओळखीच्याला देतात आणि ओळखीच्याशीच भांडता येतं. अडचणीत असलेल्या कर्जदाराला सवड द्यावी ही आपल्याकडची जुनी शिकवण. लल्लन मियाँ ती मोठ्या कुरकुरीनेच पाळतात, म्हणून ते खरे वाटतात.

कोणी म्हणेल, पान खाणारे, लज्जतदार उर्दू बोलणारे मियाँ हाही एक साचाच झाला की. आक्षेप पूर्ण चुकीचा नाही. मुसलमानाच्या तोंडी अस्खलित लखनवी घातली की काम झालं, असं हिंदी चित्रपटाला वाटतच आलं आहे. आपल्या कोकणातला मुसलमान कोकणी बोलतो, मराठवाड्यातला दखनी बोलतो, सोलापूर-सांगलीकडचा मराठी बोलतो. त्याला पडद्यावर जागा मिळायला अजून वेळ आहे. तरीही फरक आहे. साच्यातला माणूस गोष्टीबाहेर उभा असतो. लल्लन मियाँ गोष्टीच्या आत आहेत. पोरांचं खोटं, पोरांची कडकी, पोरांचे दिवस कसे चालले आहेत याचा हिशेब त्यांच्याकडे आहे.

आणि हे शक्य झालं त्याचं कारण, मला वाटतं, बजेटमध्ये आहे. सगळ्या देशाला खूश करायचं असतं तेव्हा प्रत्येक पात्राला एक पाटी लावावी लागते. मुसलमान आला की तो मुसलमान म्हणून आला हे मागच्या रांगेपर्यंत कळायला हवं, आणि त्याच्या येण्याने काहीतरी मोठं घडायला हवं. कमी पैशातल्या चित्रपटाला गल्लीतली माणसं गल्लीतल्यासारखी ठेवता येतात. तिथे सेट नसतो, म्हणून खरी टपरी असते. खरी टपरी असली की तिच्यामागे खरा माणूस लागतो.

सिकंदर आणि सिद्धार्थ

टपरीच्या या बाजूला उभा असलेला फारुख शेख हाही या हिशेबाचाच भाग आहे. १९७३च्या ‘गर्म हवा’त त्यांनी सिकंदर मिर्ज़ाची भूमिका केली होती. फाळणीनंतरच्या आग्र्यातला, पदवी हातात घेऊन नोकरीसाठी वणवण करणारा मुस्लीम तरुण. त्या कामाचे एकूण ७५० रुपये मिळाले, असं ते मुलाखतींतून हसत सांगत. पुढे ‘गमन’मध्ये ते उत्तर प्रदेशातून मुंबईत येऊन टॅक्सी चालवणारे गुलाम हसन झाले. आणि १९८१ या एकाच वर्षात ते दोन टोकांवर दिसले. ‘उमराव जान’मध्ये नवाब सुलतान आणि ‘चश्मे बद्दूर’मध्ये सिद्धार्थ पराशर.

सिकंदरला नोकरी मिळत नाही. सिद्धार्थला मिळते. सिकंदरच्या घरावर इतिहासाचं ओझं आहे. सिद्धार्थला फार तर परीक्षेचं आणि मित्रांच्या गोंधळाचं. एकाच नटाने आठ वर्षांच्या अंतराने साकारलेले हे दोन पदवीधर शेजारी शेजारी ठेवले, की मनात एक प्रश्न उभा राहतो. निर्धास्त कॉलेजकुमार व्हायला मुस्लीम नटाला सिद्धार्थच का व्हावं लागलं? सिकंदरच्याच नावाने त्याला प्रेमात पडता आलं नसतं का, मोटरसायकलवर हिंडता आलं नसतं का?

मी हा प्रश्न तक्रार म्हणून विचारत नाही. फारुख शेख यांना सिद्धार्थ म्हणून देशाने उचलून धरलं, ही आनंदाची गोष्ट आहे. नट कोणाचीही भूमिका करू शकतो आणि ती त्याने करावीच. पुढे १९८४ साली दूरदर्शनवर ‘ये जो है ज़िंदगी’ आली, त्यात रणजीत वर्मा हा घराघरांतला नवरा साकारला शफी इनामदार यांनी. रत्नागिरी जिल्ह्यातला हा आपला कोकणी मुसलमान. सोबत ‘चश्मे बद्दूर’चे राकेश बेदीही होते. पण वर्माजींच्या शेजारी त्याच तब्येतीचे इनामदारजी राहायला आले, असं आपल्या करमणुकीत फारसं घडलं नाही. साधंसुधं, हसतंखेळतं मध्यमवर्गीय आयुष्य मुसलमान नट जगून दाखवू शकत होता, मुसलमान पात्र मात्र क्वचितच. म्हणून ‘चश्मे बद्दूर’मध्ये दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात: टपरीच्या आत लल्लन मियाँ, टपरीबाहेर सिद्धार्थ झालेले फारुख. रस्ता अर्धा चालून झाला होता.

खटकणारं थोडं

कौतुकाच्या भरात एक गोष्ट झाकून चालणार नाही. वर्गात मुली बसतात, त्यामुळे आज हा चित्रपट पाहताना ओमी-जोमोचं मुलींच्या मागे लागणं मला सहज हसून सोडता येत नाही. शेवटाकडे नेहाला पळवून नेण्याचं नाटक रचलं जातं, त्यात आजीही सामील असते आणि मग खरेच गुंड मध्ये येतात. दिग्दर्शिका इथे हिंदी चित्रपटांतल्या नायकगिरीची टर उडवते आहे, हे उघड आहे. पाठलाग करणारे दोघे प्रत्येक वेळी तोंडावर पडतात, त्यांच्या थापा प्रेक्षकाला दाखवल्या जातात आणि प्रेम जमतं ते फक्त नीट बोलणाऱ्याचं. तरीही मुलीला पळवणं हा गमतीचा विषय असू शकतो, हे आजच्या मुलीला पटवणं अवघड आहे, आणि पटू नयेच.

त्याच चित्रपटात दुसरीही एक गोष्ट आहे. कथेच्या सुरुवातीला या चौघा तरुणांत कमावणारी एकटी नेहा आहे. ती दारोदार फिरून पावडर विकते, गाणं शिकते, स्वतःचं मत ठेवते. ती आपल्या कामाची लाज बाळगत नाही आणि चित्रपटही तिची कीव करत नाही. १९८१ सालच्या नायिकांमध्ये हे सर्रास नव्हतं.

२०१३

५ एप्रिल २०१३ रोजी ‘चश्मे बद्दूर’ची नवी स्वच्छ केलेली प्रत थिएटरात लागली. त्याच दिवशी डेव्हिड धवन यांनी केलेला त्याच नावाचा रिमेकही प्रदर्शित झाला. जुना आणि नवा एकाच शुक्रवारी समोरासमोर, असा योग क्वचितच येतो. नव्यात सिद्धार्थ झाला होता पाकिस्तानी गायक-नट अली ज़फर. तोही पुढे ज्या दिवसांत अशक्य झालं त्याच्या थोडा आधीचा योग. गोष्ट दिल्लीहून गोव्याला गेली. रिमेकनेही धंदा केला.

लल्लन मियाँ मात्र त्यात नाहीत. त्यांच्या जागी गोव्यातले कॅफेवाले जोसेफ आले. भूमिका ऋषी कपूर यांनी केली.

यात कुणाचा कट नाही. गोष्ट गोव्यात नेली, म्हणून जोसेफ आला. गोव्यात मुसलमान दुकानदार नाहीत असं नाही, पण गोवा म्हटलं की हिंदी चित्रपटाला जोसेफच आठवतो, जसं एकेकाळी लखनौ म्हटलं की नवाब आठवायचा. म्हणजे पुन्हा पाटी. गोव्यातल्या ख्रिस्ती वाचकांनाही पडद्यावरच्या आपल्या पाटीबद्दल सांगण्यासारखं बरंच असेल. मला बोचतं ते वेगळंच. १९८१ ते २०१३ या काळात हिंदी चित्रपटात मुसलमान पात्रं कमी झाली नाहीत. ती वाढली. डॉन म्हणून, दहशतवादी म्हणून, आणि त्याला उत्तर देणारा प्रामाणिक पोलीस अधिकारी म्हणून. कमी झाला तो उधारी मागणारा माणूस. ज्याच्याशी गल्लीतल्या पोरांचं रोजचं देणंघेणं आहे तो.

त्याच वर्षाच्या २८ डिसेंबरला फारुख शेख यांच्या जाण्याची बातमी आली. रवी बासवानी २०१० सालीच गेले होते, सईद जाफरी २०१५ साली गेले. टपरीवरची ती जुनी मंडळी आता पडद्यावरच भेटतात.

मग पुढे काय?

थिएटरातली जागा महाग झाली, व्हिडिओ आला, रंगीत टीव्ही आला. मध्यमवर्गीय घरांनी साधी गोष्ट घरी बसून पाहायला सुरुवात केली आणि सईबाईंनीही ‘अडोस-पडोस’सारख्या मालिका केल्या. त्याआधी १९८३ साली त्यांनी फारुख शेख आणि नसीरुद्दीन शाह यांना घेऊन मुंबईतल्या चाळीवरचा ‘कथा’ काढला होता. तो स. ग. साठ्ये यांच्या मराठी नाटकावर आधारलेला. पण थिएटरातला तो मधला रस्ता हळूहळू अरुंद होत गेला.

आणि तरी स्वस्त चित्रपटाची ताकद संपली नाही. आपल्याच मालेगावात २००० साली शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ केला. यंत्रमागांच्या गावात, गावच्याच माणसांना घेऊन, किरकोळ पैशात केलेली विनोदी नक्कल. तिच्यामुळे जगभरच्या लोकांनी मालेगावकडे दंगल आणि स्फोट सोडून वेगळ्या कारणासाठी पाहिलं. फैज़ा अहमद खान यांनी त्या मंडळींवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि २०२५ साली रीमा कागती यांचा ‘सुपरबॉयज़ ऑफ मालेगाव’ही आला. कॉलेजच्या पोरांची दिल्ली आणि यंत्रमागांचं मालेगाव यांच्यात साम्य ते काय? एकच. खर्च थोडा होता, म्हणून जवळच्या माणसांना जागा मिळाली.

आज कॅमेरा प्रत्येक मुलाच्या खिशात आहे. आपल्या शाळा-कॉलेजांतली पोरं रोज लहान-लहान विनोदी फिती तयार करतात आणि त्यांतल्या काही खरोखर छान असतात. त्यांना मी एकच सुचवेन. नवाब करू नका, डॉन करू नका, आणि आपण किती चांगले आहोत हे सांगणारे भाषणबाज चाचाही करू नका. तुमच्या मोहल्ल्यातला किराणावाला करा, रिक्षावाले मामू करा, शिकवणीचे पैसे थकलेली बाजी करा. त्यांच्या अडचणी खऱ्या ठेवा. हसू त्यातूनच येईल आणि बघणारा कुठल्याही धर्माचा असला तरी त्याला त्यात आपली गल्ली दिसेल. १९८१ सालच्या प्रेक्षकाला ती दिसली होती, आणि त्याने तिकीट काढलं होतं.

‘चश्मे बद्दूर’ घरात सगळ्यांनी मिळून पाहण्यासारखा आहे. पाहून झाल्यावर मुलांना विचारा, यातला कुठला माणूस तुम्हाला ओळखीचा वाटला? आमच्याकडे उत्तर आलं, पानवाला. त्याचे पैसे शेवटी मिळाले का, हा पुढचा प्रश्नही मुलांनीच विचारला.